तांदळात मूग

ताई, दुपारी जेवून खाटेवर आडवा झालो की मला अजून सूप ऐकू येतं. आधी घोळल्याची सरसर, मग दोन थापा, मग थोडा वेळ काहीच नाही, म्हणजे तू खडा उचलून चष्म्याजवळ धरला असणार. डोळे उघडले की आवाज जातो, म्हणून मी ते उघडत नाही. तुला मातीत ठेवून आज सव्वीस दिवस झाले. यवतमाळच्या रस्त्याला पळस फुललाय, चर्चमध्ये उपवासकाळाची गाणी चालू आहेत, आणि तुझा साठी ओलांडलेला धाकटा भाऊ भरदुपारी डोळे मिटून सूप ऐकत पडलाय. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, "काय गा शमू, सरकार पेन्शन झोपासाठी देते का?"

तुझ्या मातीच्या दिवशी पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उभा राहिलो, "ती फार चांगली होती" एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, दुःखामुळं. दुःख होतंच, खोटं नाही. पण खरं कारण असं की आपलं भांडण अर्धं राहिलं होतं, आणि ज्याच्याशी भांडण अर्धं आहे त्याच्याविषयी लोकांसमोर काय बोलणार?

भांडण एका पत्र्याच्या कोठीवरून होतं. चर्चच्या मागच्या खोलीतली ती कोठी आपल्या मंडळीत सगळ्यांच्या ओळखीची. प्रत्येक घरात चुलीजवळ खिळ्याला एक पिशवी टांगलेली, जुन्या पोलक्याच्या कापडाची. स्वयंपाकाला जे काही घेतलं त्यातली एक मूठ आधी त्या पिशवीत, मग पातेल्यात. सकाळी तांदळाची मूठ, संध्याकाळी ज्वारीची, कधी तुरीच्या डाळीची, कधी मुगाची. रविवारी भक्तीला येताना सगळ्यांच्या पिशव्या त्या कोठीत रिकाम्या व्हायच्या. मास्तरांच्या घरचा बारीक तांदूळ आणि रेशनचा जाड तांदूळ एकाच ढिगात पडायचा. हे मुठीचं धान्य गावातल्या अडल्यानडल्यांसाठी, मग तो कुठल्या का देवाचा असेना. मिशनच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून कोठीची किल्ली तुझ्या कमरेला होती.

आणि शनिवारी दुपारी निवडण. निंबाखाली सतरंजी टाकून तू बसायचीस आणि तुझ्याभोवती सात-आठ बाया आपापली सुपं घेऊन. त्यांतल्या दोघी-तिघीच आपल्या मंडळीतल्या. बाकी कोणी तांड्यावरची, कोणी बौद्ध वस्तीतली. कुसुमबाई तिथूनच यायची, नवरा गेल्यापासून मजुरीवर घर ओढणारी. तांदूळ एकीकडे, मूग एकीकडे, गहू, ज्वारी, डाळ. हात चालायचे, बोलणं चालायचं, मध्येच तू पवित्र शास्त्रातली एखादी गोष्ट सांगायचीस आणि त्या ती आपल्या गावातलीच असल्यासारखी ऐकायच्या. निंबाची सावली सरकायची तशी सतरंजीही सरकायची. मला ते सगळं आता पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसतं, हलतंय पण आवाज लांबून येतोय.

मी छत्तीस वर्षं सरकारी धान्य गोदामात काढली, पुसदला आणि मग यवतमाळला. गव्हाच्या थप्पीत ज्वारीचं एक पोतं सापडलं की माझी झोप उडायची. असा माणूस निवृत्त होऊन आपल्या घाटंजीत परत आला आणि त्यानं तुझी कोठी उघडून पाहिली. मला घामच फुटला.

"ताई, हे असं काहून ठेवलं? चार डब्बे ठेवू. तांदळाचा येगळा, डाळीचा येगळा."

"राहू दे ना मिसळलेलं. कोनाचं काय, थे कळत नाही."

"पन निवडा लागते ना मंग."

"निवडतो ना आमी."

एवढ्यावर तू थांबायचीस. मी थांबायचो नाही. माझं म्हणणं सरळ होतं. निवडायला आलेली प्रत्येक बाई जाताना सूपभर धान्य निवडणावळ म्हणून घेऊन जायची, पदराला बांधून किंवा पिशवीत घालून. म्हणजे कोठीतलं निम्मं धान्य निवडणाऱ्यांच्याच घरी जायचं. मग गरिबांना उरतं काय? हे मी तुला दर शनिवारी विचारायचो. तू सुपात बघत राहायचीस. मला वाटायचं, हिच्याकडे उत्तर नाही.

तशी तू मला उत्तरं राखून ठेवण्यात पहिल्यापासूनच पटाईत. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, रविवारच्या शाळेत माझी बाईही तूच. परक्या मुलखातून सासूच्या मागं आलेल्या त्या विधवा सुनेची गोष्ट तू सांगितलीस तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. कापणी करणाऱ्यांच्या मागून ती सरवा वेचत जाते, आणि शेताचा धनी गड्यांना हळूच सांगतो, "जरा हातातून सांडू द्या रे, तिले वेचू द्या." तुझ्या गोष्टीत ते शेत आपल्या गावाबाहेरच्या वाटेवर होतं आणि धनी आपल्याकडच्यासारखा बोलायचा. मी हात वर करून विचारलं, "एवढा मोठा धनी होता तं सरळ पोतंच काहून नाही देल्लं?"

सगळी पोरं हसली. तू हसली नाहीस. म्हणालीस, "तू मोठा झाला की सांगीन."

मी मोठा झालो, नोकरीला लागलो, पोरांची लग्नं केली. तू काही सांगितलं नाहीस.

आणखी एक आठवतं. आई गेली त्या वर्षीच्या नाताळात आपण दोघं कपडे वाटपाच्या रांगेत उभे होतो. मला लाल स्वेटर मिळाला होता. मी ती गोष्ट नेहमी आनंदानं सांगायचो, अगदी नातवंडांनाही. एकदा मी सांगत होतो आणि तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "तुले स्वेटर आठवते. मले आपलं नाव पुकारलं होतं थे आठवते." मी पुढं विचारलं नाही. भाकरी खाल्ली आणि उठलो. तू दुसऱ्या वर्षीपासून त्या रांगेत उभी राहिली नाहीस, होस्टेलात भांडी घासायला लागलीस, आणि माझ्या अंगावर त्यानंतर नेहमी विकतचे कपडे आले. तुझ्या त्या घासलेल्या भांड्यांवर माझी शाळा झाली, ताई. हे मी तुला कधीच म्हणालो नाही. आता म्हणतोय, आणि आता काय उपयोग.

शेवटी मी चर्चच्या पंच कमिटीत निवडून आलो. सगळ्यांना पटवलं. चार पिपे आणले, माझ्या हातानं त्यांवर रंगवलं: तांदूळ, गहू, ज्वारी, डाळ-मूग. प्रत्येक घरात चार खिळे ठोकले गेले, चार पिशव्या टांगल्या गेल्या. बायकांनी कुरकुर केली, पण केलं. ज्यांना गरज आहे त्यांनी शनिवारी यावं, वहीत नाव सांगावं, स्वच्छ निवडलेलं धान्य घेऊन जावं, असं ठरलं. ठराव वाचला तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही उठेल आणि भांडेल. मी उत्तरं पाठ करून आलो होतो. तू कमरेची किल्ली सोडलीस, टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "बरं." तुझं वजन कमी झालंय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

शनिवारी मी वही घेऊन बसलो. निंबाखाली सतरंजी नव्हती. कोणी आलं नाही. पुढच्या शनिवारी एक म्हातारा आला, तांदूळ घेऊन गेला, पुन्हा फिरकला नाही. पावसाळाभर पिपे भरत गेले आणि वही कोरी राहिली. मी कमिटीत सांगितलं की देवाच्या कृपेनं आपल्या भागात आता कोणी उपाशी नाही. असं मी उभा राहून बोललो, ताई. तू मागच्या बाकावर होतीस.

दिवाळीनंतर मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू ओट्यावर बसली होतीस. मांडीवर परात, परातीत तांदूळ, आणि तू डब्यातून मूठ मूठ मूग काढून त्या स्वच्छ तांदळात टाकत होतीस. हातानं कालवत होतीस. मग गव्हाची मूठ. मी दारातच थांबलो.

"ताई, काय करून राह्यली?"

"मिसळून राह्यली."

"काहून?"

"निवडासाठी."

आपल्या शेजारच्या म्हातारीचं असंच सुरू झालं होतं, आधी मिठात साखर, मग नावं विसरणं. दुसऱ्याच दिवशी तुला एसटीत बसवून यवतमाळला नेलं. तू खिडकीपाशी बसलीस. कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या आणि रस्त्याकडच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते, मैलोगणती पांढरे. तू खूश होतीस. म्हणालीस, "पाह्य शमू, बाभळीनं बी सरवा धरला." मला वाटलं, हेही भ्रमातलंच. मी तुझा हात धरून ठेवला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तुला वार विचारला, माझं नाव विचारलं, शंभरातून सात वजा करायला लावले. तू सगळं बरोबर सांगितलंस, सात वजा करताना त्यांच्यापेक्षा लवकर. मग त्यांनी विचारलं, "मंग आजी, तांदळात मूग काहून टाकता?"

तू माझ्याकडे पाहिलंस. किती वेळ पाहिलंस. मी आता रोज दुपारी त्या नजरेपाशी येऊन थांबतो. त्यात राग नव्हता. कुणीतरी दाराबाहेर उभं आहे, त्याला आत घ्यावं की नाही, असं काहीतरी होतं. मग तू डॉक्टरांकडे वळून म्हणालीस, "वय झालं, बाप्पा."

त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. बसस्टँडवर आपण फुटाणे खाल्ले. मी म्हणालो, आता हे बंद कर, लोक हसतील. तू म्हणालीस, "म्हाताऱ्या बाईच्या डोक्यात काय हाय थे म्हाताऱ्या बाईलेच राहू दे." परवा तुझं घर आवरताना त्या गोळ्या सापडल्या. मुगाच्या डब्यात, तळाशी. एकही फोडलेली नव्हती.

तू गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी कुसुमबाई चर्चच्या मागच्या खोलीशी आली. हातात सूप होतं. मी वही घेऊन बसलो होतो, सवयीनं.

"भाऊ, निवडासाठी काही असन तं सांगा."

"आता निवडासाठी काही राह्यलं नाही, बाई. सगळं येगळंच येते."

तिनं पिप्यांकडे पाहिलं. सूप या हातातून त्या हातात घेतलं. "ताई घरी काढून ठेवत होत्या आमच्यासाठी," ती म्हणाली. "दर शनवारी. आता नाही ना." आणि गेली. रिकामं सूप तिनं पाठीशी धरलं होतं, कुणाला दिसू नये तसं.

मला काहीतरी टोचलं, पण मी गोदामवाला माणूस. मला पोतंच सुचलं. तांदूळ, गहू, डाळ अशी चांगली दहा किलोची पिशवी भरली, स्कूटरवर ठेवली आणि तिच्या घरी गेलो. भरदुपारी तिची चूल थंड होती. तिनं मला खाटेवर बसवलं, शेजारून पूड मागून आणून कोरा चहा केला आणि पिशवीकडे बघून म्हणाली, "हे कायले, भाऊ?"

"तुमच्यासाठी. ताई देत होतीच ना."

"ताई देत कायले होत्या?" ती रागावली नव्हती, तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मी निवडून देत होती. थे निवडणावळ होती माझी. फुकट कोनाचं नाही घेतलं मी, मालक गेले तवाही नाही. घेऊन जा भाऊ, दुसऱ्या कोनाले लागन."

मी ती पिशवी परत स्कूटरवर ठेवली. वाटेत मला त्या शनिवारच्या बाया एकेक करून दिसायला लागल्या. तांड्यावरची ती, जिचा मुलगा गुजरातेत जाऊन परतला नाही. आपल्याच मंडळीतली ती, जिचा नवरा अर्धांगानं पडून आहे आणि जी कमिटीसमोर मेली तरी नाव सांगणार नाही. एकही अशी नव्हती जिच्या घरी त्या दिवशी धान्य होतं. त्या निवडायला येत नव्हत्या, ताई. तू त्यांना निवडायला काहीतरी देत होतीस. निम्मं धान्य निवडणाऱ्यांच्या घरी जातं, असं मी ओरडायचो, आणि ते तिथंच जायला हवं होतं.

मी गाडी बाजूला घेतली आणि एका बाभळीखाली बसून रडलो. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं असेल, पाहू दे. सरळ पोतंच काहून नाही देल्लं, हे मी तुला सात-आठ वर्षांचा असताना विचारलं होतं. पोतं घेऊन एका बाईच्या दारात जाऊन आलो तेव्हा मी मोठा झालो. सहासष्टाव्या वर्षी.

मग तुझा राग आला. तू मला सांगायचं होतंस. घरच्या घरी, भाकरी थापताना, चार शब्दांत. ठरावाच्या दिवशी नुसती मान हलवली असतीस तरी मी तो कागद फाडला असता. निदान मला तसं वाटतं. खरं तर मी कमिटीत उठून म्हणालो असतो की या बाया गरीब आहेत, यांच्यासाठी वेगळी व्यवस्था करू, आणि त्यांची नावं मोठ्यानं वाचली असती. ते तुला माहीत होतं. म्हणून माझ्याकडून हरलीस, वेडी ठरलीस, गोळ्या डब्यात टाकल्यास आणि मुगाची मूठ तांदळात टाकत राहिलीस. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू देऊ नये, असं आपण लहानपणी पाठ केलं होतं. तो डावा हात मी होतो, हे मात्र मला लागलं, ताई. अजून लागतं. तू माझ्यावर भरवसा ठेवला नाहीस आणि तुझं बरोबर होतं, या दोन्ही गोष्टी एका दुपारी पोटात घालायच्या म्हणजे जड जातं.

काल शुक्रवारी मी मागच्या खोलीत ताडपत्री पसरली आणि चारही पिपे पालथे केले. तांदळाला जाळी धरली होती, गव्हात सोंडे झाले होते. आधी तेवढं चाळून-पाखडून उन्हात घातलं. मग गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी सगळं कालवलं. छत्तीस वर्षांची नोकरी आतून बोंबलत होती. तांदूळ गव्हाखाली गेला, डाळ वर आली, मूग कुठं गेला कळेना. उन्हाचा पट्टा दारातून आत आला आणि त्या ढिगावर पडला, आणि कोनाचं काय थे कळत नाही, हे तुझं वाक्य मला शब्दशः दिसलं. बराच वेळ मी हात त्यातच ठेवून बसलो. पाळकसाहेब डोकावले. काय चाललंय म्हणाले. मी म्हणालो, वय झालं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आणि मी ती घेतली.

आज सकाळी कुसुमबाईकडे गेलो. हात रिकामे होते. दारातूनच म्हणालो, "बाई, मायाकून घोळ झाला. चारी पिपे एकात एक झाले. बाकीच्या बायाइले घेऊन येता का? निवडून द्या लागन."

ती बाहेर आली. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, तू डॉक्टरांच्या खोलीत पाहिलं होतंस तसं.

"तुमाले बी ताईसारखंच झालं का, भाऊ?"

"हो," मी म्हणालो. "खानदानीच हाय आमच्यात."

ती हसली नाही. खुंटीवरचं सूप काढलं, उलटं करून दोनदा थोपटलं, काखेत धरलं आणि दार लोटून घेतलं.

"मंग," ती म्हणाली, "आमाले दर शनवारी याच लागन."